डबा कोणी हलवायचा?

कुणाचा तरी वाढदिवस असतो. केक कापला जातो, कागदी बशा फिरायला लागतात. आपण हात मागे घेतो आणि शक्य तितकं हसून म्हणतो, "मला नको, साखर सोडलीय." आणि मग ते वाक्य येतंच. साखर सोडू बघणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ असतं. "अगं, एवढ्याने काय होतंय!"

गेली दोन वर्षं मी या एका वाक्याचा पिच्छा पुरवते आहे. ते म्हणणारी माणसं वाईट नसतात, बहुतेक वेळा ती आपल्यावर जीव असलेलीच असतात. पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला कुणी "एवढ्याने काय होतंय" म्हणत नाही. दारू सोडलेल्या माणसालाही असं म्हणायला आता बरेच जण कचरतात. साखरेला नाही म्हटलं की मात्र तो शिष्टपणा ठरतो. खाणाऱ्याला कारण द्यावं लागत नाही, न खाणाऱ्याला द्यावं लागतं. कारण दिलं की त्याची उलटतपासणी सुरू. शुगर निघाली का? नाही? मग वजन? तेही नाही? मग कशाला जिवाला त्रास?

या प्रश्नांना एकट्या माणसाने रोज, हसतमुखाने, न चिडता उत्तरं द्यावीत आणि तरीही त्याचा निश्चय ढळू नये, अशी आपली अपेक्षा असते. ढळला तर आपण म्हणतो, मनाचा हिय्या नव्हता. माझं म्हणणं असं की ही सगळी मांडणीच चुकीची आहे, आणि चुकीची असून टिकून आहे याचं कारण ती बाकीच्यांच्या सोयीची आहे. साखर आपल्यापर्यंत येते ती माणसांच्या हातून. ती सुटायची तर माणसांची मदत लागणारच. मात्र मदत कोणाची आणि कशी, याचा आपण फारसा विचार केलेला नाही. आधार म्हटलं की आपल्याला एक तर पाठीवरची थाप सुचते, नाहीतर पहारा. दोन्ही फार कामाचे नाहीत.

आधी साखरेचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की दिवसभरातल्या एकूण ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा 'मोकळ्या' साखरेतून यावी, आणि पाच टक्क्यांच्या आत आणता आली तर आणखी चांगलं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, साधारण सहा छोटे चमचे. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. दिवसाचा कोटा तिथेच संपला, वर उधारी झाली. या मोजमापात मध, सिरप आणि फळांचा रसही धरलेला आहे. अख्खं फळ आणि दूध धरलेलं नाही. त्यामुळे पांढरी साखर सोडून तपकिरी घेतली किंवा मधावर गेलं की सुटलो, असं समजणाऱ्यांनी (मीही तीन महिने त्यांच्यातलीच होते) स्वतःचीच फसवणूक चालवलेली असते.

आणि यातली बरीच साखर आपण चमच्याने घालतच नाही. ती सॉसमध्ये असते, पावात असते, चवीच्या दह्यात असते, 'पौष्टिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या नाश्त्याच्या खोक्यात असते. वेष्टनावर ती वेगवेगळ्या नावांनी वावरते: सुक्रोज, डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट. म्हणजे साखर सोडायची असेल तर चष्मा लावून पाकिटं वाचावी लागतात. आता गंमत अशी की घरात पाकिटं वाचणारी व्यक्ती एक असते, सामान आणणारी दुसरी, आणि खाणारी चार. 'तिने' साखर सोडली असं आपण म्हणतो, तेव्हा या चार-पाच जणांपैकी नेमकं कोणी काय करायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं.

जिभेची तक्रार फार दिवस टिकत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात काही लोकांनी तीन महिने साध्या साखरेतून येणारी ऊर्जा बरीच कमी केली. तिसऱ्या महिन्यापर्यंत तेच पुडिंग त्यांना इतरांपेक्षा जास्त गोड लागायला लागलं. जीभ खरोखर बदलली होती. नंतर त्यांना हवं ते खायची मुभा दिली, तेव्हा त्यांचं साखरेचं प्रमाण लवकरच पुन्हा वर गेलं आणि जीभही मागे फिरली. या प्रयोगाचा पहिला अर्धा भाग लोक उत्साहाने सांगतात: बघा, सवय लागते! मला दुसरा अर्धा जास्त बोलका वाटतो. जीभ तयार होती, पण आजूबाजूचं टेबल होतं तसंच होतं.

साखर म्हणजे कोकेनच, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. उंदरांवरच्या ज्या प्रयोगांचा हवाला दिला जातो, त्यात व्यसनासारखं वागणारे उंदीर रोज काही तास उपाशी ठेवलेले होते, आणि मग त्यांच्यापुढे साखरेचं पाणी ठेवलं जात होतं. माणसांच्या बाबतीत तितका भक्कम पुरावा नाही, आणि मानसविकारांच्या प्रमाण सूचीत 'साखरेचं व्यसन' असा विकार नाही. पण त्या उंदरांकडून एक गोष्ट घ्यावी. ताणून धरायचं आणि मग एकदम सुटायचं, हा क्रमच घातक आहे. सोमवार ते शनिवार कडकडीत आणि रविवारी धाड, हा प्रकार ज्यांनी केलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

साखर एकट्याने सोडायची, ही कल्पना तशी नवी आहे. साखर सोडण्याची इतिहासातली एक मोठी लाट एकट्यादुकट्याची नव्हती. १७९१ साली ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव फेटाळला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स नावाच्या माणसाने एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यात सरळ हिशेब होता: आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या एका कुटुंबाने एकवीस महिने ती बंद केली, तर एक माणूस गुलामीतून किंवा मृत्यूतून वाचतो. कॅरिबियन बेटांवरची साखर गुलामांच्या घामातून आणि रक्तातून येते, हे लोकांना मोघम माहीत होतं. फॉक्सने ते थेट चहाच्या कपाशी आणून ठेवलं. तेव्हाच्या चळवळीतले एक अग्रणी थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीन लाख लोकांनी ती साखर सोडली.

संसदेत मत द्यायचा अधिकार बायकांना नव्हता, पण साखरदाणी त्यांच्या हातात होती. पुढे १८२० च्या दशकात ही लाट पुन्हा उठली, तेव्हा लेस्टर शहरात एलिझाबेथ हेरिक आणि तिच्या सोबतिणी दारोदार जाऊन लोकांना ही साखर सोडायला सांगत होत्या. 'ही साखर गुलामांनी पिकवलेली नाही' असं लिहिलेल्या साखरदाण्या विकायला आल्या होत्या. त्या साखरदाणीकडे मी पुन्हा पुन्हा वळते. पाहुणा आला, टेबलावर ती साखरदाणी दिसली, की कुणाला काही समजावून सांगायची गरज उरत नव्हती. नकार ही त्या घराची रीत झाली होती. "एवढ्याने काय होतंय" म्हणायला तिथे जागाच नव्हती, कारण एवढ्याने काय होतं याचाच हिशेब ते लोक मांडत होते.

गुलामगिरी केवळ या बहिष्काराने संपली, असं मी म्हणणार नाही. १७९१ मध्येच सेंट डोमिंगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनी उठाव केला, १८३१ च्या अखेरीला जमैकात केला, आणि त्यांनी सत्ताधाऱ्यांना जो धक्का दिला तो कुठल्याही चहाच्या टेबलाने दिला नव्हता. व्यापारबंदीचा कायदा १८०७ ला आला, गुलामगिरी संपवणारा १८३३ ला. माझा मुद्दा लहान आहे. लाखो सामान्य माणसांनी साखर सोडली ती घरंच्या घरं मिळून, शेजारपाजार मिळून. त्यातल्या प्रत्येकाची इच्छाशक्ती असामान्य होती, असं मानायला कुणी तयार आहे का?

दुसरं उदाहरण त्याच देशातलं, पण तिथे स्वेच्छेचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्ये साखरेवर रेशन आलं आणि ते सप्टेंबर १९५३ पर्यंत चाललं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्या काळात गर्भात आणि आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत असलेल्या मुलांची तुलना रेशन उठल्यावर जन्मलेल्यांशी केली. रेशनमधल्या मुलांना पुढे प्रौढपणी टाइप दोन मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होता, उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी. हा आकडा बातम्यांत खूप फिरला. त्याच्या शेजारची गोष्ट कमी फिरली: रेशन उठल्यावर थोड्याच काळात माणशी साखर जवळपास दुप्पट झाली. माणसं तीच होती. त्यांचा मनोनिग्रह एका सप्टेंबरात अर्ध्यावर आला, असं म्हणायचं का? शेजारच्या ताटात नव्हती तोवर आपल्याही ताटात नव्हती. शेजारी आली, आपल्याकडेही आली.

रेशन परत आणा, असं मी सुचवत नाहीये. युद्ध नको आणि कूपनंही नकोत. पण 'सगळं तुमच्या मनावर आहे' हे वाक्य पुन्हा कुणी तोंडावर फेकलं, तर १९५३ आठवावं.

आता गटांविषयी. दारू सोडू बघणाऱ्यांचं 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' १९३५ मध्ये अमेरिकेत दोन माणसांच्या भेटीतून उभं राहिलं. त्याच धर्तीवर, खाण्यावर ताबा राहत नाही अशांचा गट १९६० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती जीन निडेच या न्यूयॉर्कमधल्या गृहिणीची गोष्ट. ती वजनासाठी शहराच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात जायची. दिलेला आहार पाळायची, पण चोरून बिस्किटं खायची, आणि दवाखान्यात ते सांगायची मात्र नाही. १९६१ मध्ये तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांना ते सांगून टाकलं. मग बाकीच्याही बोलायला लागल्या. दर आठवड्याला बैठक सुरू झाली, आणि दोन वर्षांत तिची 'वेट वॉचर्स' ही कंपनी झाली. पुढे त्याचा केवढा मोठा धंदा झाला हे सर्वांना माहीत आहे, आणि त्या धंद्याबद्दल माझी मतं फारशी गोड नाहीत. पण पहिल्या दिवशी घडलं ते खरं होतं. तज्ज्ञासमोर लपवलेली गोष्ट बरोबरीच्या माणसांपुढे सांगता आली. लपवणं थांबलं, आणि मग पुढचं सुचायला लागलं.

आमचाही एक गट होता. गट कसला, आम्ही चौघी. मी, माझी ताई, ताईच्या ऑफिसातली एक जण आणि माझी एक शेजारीण. फोनवर ग्रुप केला, नियम ठरवला: रोज रात्री नऊ वाजता 'नाही खाल्ली' असेल तर हिरवी खूण, 'खाल्ली' असेल तर लाल. पहिले दहा दिवस नुसता हिरवा पूर. अभिनंदन, टाळ्या, बाहुल्या. बाराव्या दिवशी शेजारणीने लाल खूण टाकली आणि आम्ही तिघींनी मिळून तिला इतका धीर दिला, की ती पुढे आठवडाभर ग्रुपवर आलीच नाही.

तीन आठवड्यांनी ताईचा फोन आला. आवाज पडलेला. म्हणाली, "मी रोज खोटं लिहितेय. संध्याकाळी गाडीत बसून चॉकलेट खाते, कागद पर्समध्ये कोंबते आणि नऊ वाजता हिरवी खूण टाकते. तुझी खूण आधी आलेली असते ना. ती बघितली की मला खरं लिहवत नाही गं."

मला आधी राग आला, मग लाज वाटली. माझ्याही दोन हिरव्या खुणा खोट्या होत्या.

त्या रविवारी आम्ही चौघी भेटलो आणि खुणा बंद केल्या. प्रश्न बदलला. 'खाल्ली का?' हे विचारायचंच नाही. 'आज कुठे अडलं?' एवढंच. दिसायला फरक बारीक आहे. पहिल्या प्रश्नाला उत्तर दोनच, पास किंवा नापास. दुसऱ्याला उत्तर द्यायचं तर दिवस आठवावा लागतो. दुपारी चार, लांबलेल्या मीटिंगनंतर. आईकडे, ती वाढत होती तेव्हा. मुलाने अर्धवट टाकलेलं, फेकायचं जिवावर आलं म्हणून. रात्री, भांडण झाल्यावर. महिनाभरात आमच्यापुढे एक नकाशाच तयार झाला. त्यात भूक जवळजवळ कुठेच नव्हती. दुपारी चारचा कंटाळा होता, एकटेपणा होता, आणि नाही म्हणायची भीड होती. भीड सगळ्यांत जास्त.

चार वाजताचा उपाय सोपा निघाला. ताई आणि तिची ऑफिसातली मैत्रीण चार वाजता उठून जिने उतरून खाली एक चक्कर मारायला लागल्या. साखरेबद्दल बोलायचं नाही, हा एकच नियम. मी त्या वेळी शेजारणीला फोन करायचे, तीन मिनिटं, कशावरही. बहुतेक वेळा पाण्याच्या टाकीवर. भीडेचा उपाय मात्र आमच्या हातात नव्हता. तो समोरच्याच्या हातात होता. इथे मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येते.

ताईचे यजमान साखर सोडणाऱ्यातले नाहीत. चहात दोन चमचे, चहाबरोबर बिस्किटं, हे त्यांचं तीस वर्षांचं आहे. बिस्किटांचा डबा ओट्यावर, चहाच्या भांड्याशेजारी असायचा. एक दिवस ताई चहा करायला उठली तर डबा जागेवर नव्हता. तिने विचारलं. ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "माझ्या कपाटात ठेवलाय. मला लागला की मी घेतो." बस. भाषण नाही, 'मीही तुझ्यासाठी सोडतो' अशी घोषणा नाही, 'कसं चाललंय' ही चौकशी नाही. त्यांची बिस्किटं त्यांनी चालूच ठेवली. फक्त घ्यायला दोन खोल्या ओलांडून जायचं काम स्वतःकडे घेतलं. ताई म्हणते, त्या डब्याने तिला जेवढी मदत केली तेवढी आम्ही तिघींनी मिळून केली नाही. मला ते जरा लागलं, पण खरं आहे.

याच्या उलट आमच्या शेजारणीकडे. तिचा मुलगा वीस वर्षांचा, आईवर जीव असलेला. त्याने पहारा सुरू केला. पाहुण्यांसमोर विचारायचा, "आई, हे तुला चालतं का?" फ्रिजमधलं उरलेलं मोजून ठेवायचा. परिणाम काय, तर ती सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातला दिवा न लावता, उभ्याउभ्या, बोटाने चाटून खायला लागली. पहाऱ्याने साखर संपत नाही, ती अंधारात जाते. आणि अंधारातली साखर बशीतल्या साखरेपेक्षा नेहमी जास्त असते.

कौतुकाचाही असाच काच असतो. "किती बारीक झालीस!" हे ऐकून पहिल्यांदा बरं वाटतं. तिसऱ्यांदा त्याचं ओझं होतं, कारण आता बारीक राहायची जबाबदारी आली. ज्यांना पूर्वी खाण्याशी झगडण्याचा आजार झालेला आहे, त्यांच्यासाठी तर कडक बंदी, खुणा आणि सामूहिक कबुली हे सगळं सरळ धोक्याचं ठरू शकतं. त्यांनी अशा गटाच्या वाटेला जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. इन्सुलिन किंवा मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनीही. रक्तातली साखर एकदम खाली गेली की तीच साखर जीव वाचवते. तेव्हा 'मी सोडलीय' म्हणायचं नसतं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला मान्य करावासा वाटतो. दुसऱ्याने साखर सोडली म्हणून मी माझा डबा का हलवावा? माझं घर, माझी जीभ. बरोबर आहे. कुणी सोडावी असं माझं म्हणणंच नाही. डबा हलवणं आणि सोडणं यात दोन खोल्यांचं अंतर आहे, आणि मी त्या दोन खोल्यांपुरतंच मागतेय. सामायिक जागेत तर तेवढंही लागत नाही. ऑफिसात चहा आधीच साखर घालून का येतो? बैठकीच्या टेबलावर बिस्किटांची बशी बरोबर मधोमध, प्रत्येकाच्या हाताच्या टप्प्यात का असते, खिडकीपाशी का नसते? साखर घालता येते, काढता येत नाही. मग न घातलेली हीच मूळ स्थिती असायला हवी. हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. तरी शाळांत, इस्पितळांत, कचेऱ्यांत याच्या उलट चालतं, आणि वेगळा चहा मागणाऱ्याला रोज एकदा सगळ्यांसमोर आपलं वेगळेपण जाहीर करावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. असे गट, अशा चारचौघींच्या बैठका म्हणजे कंपन्यांना मोकळं सोडणं आहे. त्यांनी प्रत्येक पाकिटात साखर घालावी, आणि आम्ही रात्री नऊ वाजता एकमेकींची आसवं पुसावीत! या रागाला आधार आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या एका संस्थेने हार्वर्डमधल्या संशोधकांना ६,५०० डॉलर दिले. त्यातून आलेला आढावा १९६७ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. त्याने हृदयविकाराचा दोष चरबीकडे वळवला, साखरेवरचा संशय हलका केला. पैसे कुणी दिले याचा त्यात उल्लेख नव्हता. जुनी कागदपत्रं तपासून हे २०१६ मध्ये उघड झालं. जवळपास पन्नास वर्षं लोक मनोनिग्रह वाढवत बसले होते.

आणि कायद्याने काय होतं तेही दिसलेलं आहे. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून शंभर मिलिलिटरमागे पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असलेल्या शीतपेयांवर कर लावला, आठ ग्रॅमपासून पुढे आणखी जास्त. घोषणा दोन वर्षं आधी झाली होती, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांनी कर सुरू होण्याआधीच पाककृती बदलल्या. २०१५ ते २०१९ या काळात या करात येणाऱ्या पेयांतली साखर सरासरी सुमारे ४४ टक्क्यांनी उतरली. कुणीही हिरवी खूण टाकली नव्हती. (तिच्या जागी बऱ्याचदा कृत्रिम गोडी आली, आणि वजन कमी करायला तीही वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं, हेही लिहायला हवं.)

तर मग गट कशाला? कारण कायदा कॅनपर्यंत पोचतो, मावशीने पुढे केलेल्या बशीपर्यंत पोचत नाही. कायदा यायला वर्षं लागतात, आणि दुपारचे चार रोज वाजतात. शिवाय ज्यांनी एकदा पाकिटं वाचायला सुरुवात केली, त्यांनाच पाकिटांवर मोठ्या अक्षरात काय लिहिलेलं असावं हे नीट सांगता येतं. गुलामगिरीविरुद्धच्या त्या साखरदाण्या आणि संसदेतले अर्ज एकाच घरांतून येत होते. आमच्या चौघींकडून कुठलं राष्ट्रीय धोरण निघालं नाही, पण ताईच्या ऑफिसात एक अर्ज मात्र गेला. त्यावर ताईची सही होती आणि साखर न सोडलेल्या अकरा जणांची.

मी आज 'सोडलेली' आहे का? पूर्ण नाही. महिन्यातून एक-दोनदा खाते. बशीत घेऊन, बसून, उजेडात. ताई माझ्यापेक्षा पुढे आहे. शेजारणीचा मुलगा आता काही विचारत नाही. त्याला आम्ही समजावलं नाही, तो कामाला लागला आणि त्याला वेळ उरला नाही. उपाय असेही लागू पडतात.

ताईच्या ऑफिसात आता चहा बिनसाखरेचा येतो, शेजारी साखरेचं भांडं आणि चमचा. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली, मग विसरली गेली. तिथे अर्जावर सही केलेले एक गृहस्थ आहेत, ते कपात तीन चमचे घालून, सावकाश ढवळून पितात. कुणी त्यांच्याकडे बघत नाही.